क्रूसावरील लॅटिन अक्षरें

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी वसईची खाडी ओलांडून नालासोपारा आणि विरार या स्थानकांशीं आली, म्हणजे तिच्या पश्चिम बाजूस समुद्रापर्यंत वाड्यांचा प्रदेश लागतो. बोळिंज, नंदाखाल, आगाशी, निर्मळ, गास हीं गांवें येथें एकमेकांच्या शेजारीं वसलीं आहेत. केळीच्या बागा, पानवेलींचे मळे आणि विहिरींवरील रहाट यांबद्दल हा मुलूख एके काळीं प्रसिद्ध होता. आज बोळिंजच्या शिवारांत म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि रहाटांची कुरकुर ऐकूं येत नाहीं. तथापि वाटेच्या वळणावर उभा असलेला क्रूस, रविवारीं मिस्सेला निघालेलीं कुटुंबें आणि त्यांच्या घरांत बोलली जाणारी कादोडी नांवाची मराठी बोली यांवरून या भूमीचा जुना इतिहास अद्याप वाचतां येतो.

महाराष्ट्रांत ख्रिस्ती धर्म मुख्यतः दोन वाटांनीं आला. पहिली वाट समुद्राची. तिनें तो पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर सोळाव्या शतकांत वसईच्या किनाऱ्यास लागला. दुसरी वाट शाळेची व छापखान्याची. तिनें तो एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन, स्कॉटिश व इंग्रज मिशनऱ्यांच्या बरोबर मुंबई, पुणें आणि अहमदनगर येथें पोंचला. पहिल्या वाटेनें आलेले ते कॅथॉलिक व दुसरीनें आलेले ते प्रॉटेस्टंट. दोघांचा ख्रिस्त एक, दोघांची मातृभाषाहि मराठी. परंतु दीर्घ काळ या दोन घरांमध्यें जाणेंयेणें बेताचेंच होतें. प्रॉटेस्टंट मनुष्य शेजारच्या त्या जुन्या घराकडे पाही, तेव्हां त्याच्या मनांत आदर आणि शंका हीं दोन्ही एकाच वेळीं उत्पन्न होत. हा आदर कशाचा व ही शंका कशाची, हें पाहण्यासारखें आहे. कारण या ओढाताणींत महाराष्ट्रांतील कांहीं थोर व्यक्तींच्या आयुष्याचीं वर्षें खर्चीं पडलीं आहेत.

प्रथम त्या जुन्या घराची हकीकत. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें इ. स. १५३४ मध्यें वसई पोर्तुगिजांच्या हवालीं केली. त्यानंतर किल्ल्यांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या पंथांचे मठ उभे राहिले व भोंवतालच्या गांवांत चर्चें बांधलीं गेलीं. धर्माचा प्रसार आणि राज्याचा प्रसार हीं तेव्हां एकाच हातांत होतीं. देवळें पाडलीं गेलीं, इ. स. १५६० मध्यें गोव्यास स्थापन झालेल्या इन्क्विझिशन नांवाच्या धर्मन्यायसभेचा धाक उत्तर कोंकणापर्यंत पोंचला. ही बाजू झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण दुसरीहि बाजू आहे. याच वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा तरुण दूर जपानांत गेला आणि इ. स. १५९७ मध्यें नागासाकी येथें आपल्या श्रद्धेसाठीं क्रूसावर मरण पावला. इ. स. १८६२ मध्यें रोमनें त्याला संतपद दिलें.

इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला आणि दोनशें वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. युरोपीय पाद्री निघून गेले, मठ ओस पडले. जो धर्म केवळ सत्तेच्या बळावर उभा असतो, तो सत्ता गेली म्हणजे वाऱ्यावर जावा, हा साधा हिशेब आहे. पण वसईच्या वाड्यांत हा हिशेब चुकला. राजा गेला तरी शेतकरी, कोळी व कारागीर यांनीं आपली जपमाळ सोडली नाहीं. थोड्या देशी धर्मगुरूंच्या आधारावर त्यांनीं लेंकरांचे बाप्तिस्मे केले, मृतांस मूठमाती दिली आणि उपासाचे दिवस पाळले. ज्यांच्या पूर्वजांच्या धर्मांतरांत सक्तीचा अंश असेल, त्यांच्या नातवंडांनीं तोच धर्म सक्ती उरली नसतां आपखुषीनें राखला. इतिहासांत अशा गोष्टी फार थोड्या घडतात, आणि प्रामाणिक टीकाकारालाहि येथें थोडें थांबावें लागतें.

आतां दुसऱ्या घराकडे वळावें. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी इ. स. १८१३ मध्यें मुंबईस उतरले. इ. स. १८२९ मध्यें स्कॉटलंडहून डॉक्टर जॉन विल्सन आले. इ. स. १८४२ मध्यें अहमदनगरास ज्ञानोदय पत्र निघूं लागलें. या मंडळींचें पहिलें काम म्हणजे शाळा काढणें, आणि दुसरें म्हणजे बायबल मराठींत आणणें. मार्टिन ल्यूथरनें इ. स. १५१७ मध्यें जर्मनींत जो वाद आरंभिला, त्याचें सार त्यांच्या मनांत होतें. प्रत्येक मनुष्यानें देवाचें वचन आपल्या भाषेंत वाचावें व आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून त्याचा अर्थ घ्यावा. देव आणि मनुष्य यांच्यामध्यें पुरोहिताची भिंत नसावी, असें हें सार होतें. या दृष्टीनें पाहतां त्यांना कॅथॉलिक देवालयांत पुष्कळ गोष्टी खटकत. लॅटिनमधील मिस्सा, संतांच्या मूर्तींपुढील मेणबत्त्या, धर्मगुरूच्या कानांत केलेलें पापनिवेदन आणि या सर्वांच्या शिखरावर रोमचा पोप! हिंदु धर्मांतील ज्या गोष्टींवर हे मिशनरी व्याख्यानें देत, त्यांसारख्याच या गोष्टी त्यांस भासत.

परंतु ज्या युरोपांतून हा आक्षेप आला, तेथेंच त्याच्या उलट वारा वाहूं लागला होता. इ. स. १८३३ मध्यें इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें कांहीं विद्वान धर्मगुरूंनीं एक चळवळ सुरू केली. इंग्लंडचें चर्च हें केवळ राजाज्ञेनें निर्माण झालेलें खातें नसून प्रेषितांच्या काळापासून चालत आलेल्या जुन्या चर्चचीच ती एक शाखा आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांतील अग्रणी जॉन हेन्री न्यूमन हे तर इ. स. १८४५ मध्यें प्रत्यक्ष रोमच्या चर्चमध्यें गेले व पुढें कार्डिनल झाले. जे मागें राहिले त्यांनीं आपल्याच चर्चमध्यें मठ, व्रतें, पापनिवेदन व नित्य प्रभुभोजन यांचें पुनरुज्जीवन केलें. इ. स. १८४८ मध्यें वाँटेज या गांवीं कुमारी मरिया हिच्या नांवानें भगिनींचा एक संघ निघाला. इ. स. १८६६ मध्यें ऑक्सफर्डजवळील काउली येथें संत योहानाच्या नांवानें पुरुषांचा संघ स्थापन झाला. हे लोक पोपची सत्ता मानीत नसत. पण त्यांची राहणी, पोषाख व उपासना पाहून कट्टर प्रॉटेस्टंट माणूस त्यांच्याकडे संशयानें पाहत असे. श्रोत्यांनीं ही मधली वाट लक्षांत ठेवावी. कारण दोन मराठी माणसांची गोष्ट याच वाटेवर घडली.

त्यांतील पहिले नीलकंठशास्त्री गोरे. जन्म इ. स. १८२५, कुळ चित्पावन, वास्तव्य काशीचें. शास्त्राध्ययन करून ख्रिस्ती मताचें खंडण करावें म्हणून ते पुढें सरसावले आणि वाद करतां करतां स्वतःच इ. स. १८४८ मध्यें ख्रिस्ती झाले. त्यांचें नवें नांव नेहेम्या. त्यांनीं प्रथम ज्या मिशनमध्यें प्रवेश केला, तें प्रॉटेस्टंट मताचें पुरस्कर्तें होतें. पण शास्त्र्याच्या घरांत वाढलेल्या या पुरुषाला केवळ उपदेश आणि पुस्तकें यांनीं समाधान होईना. धर्म म्हटला म्हणजे आचार हवा, परंपरा हवी, तप हवें, गुरूपासून शिष्याकडे आलेला अधिकार हवा, ही त्यांची मूळची वृत्ति होती. ऑक्सफर्डच्या चळवळींत त्यांना या गोष्टी सांपडल्या. इ. स. १८७० मध्यें ते धर्मगुरु झाले व पुढें काउलीच्या संघांत उमेदवार म्हणून राहिले.

तथापि त्यांच्या शंका सुटल्या नाहींत. षड्दर्शनांवर खंडणात्मक ग्रंथ लिहिणारी त्यांची बुद्धि स्वतःच्या श्रद्धेलाहि सवलत देत नसे. ज्याच्याकडे ओढ आहे, त्याची आयुष्यभराची शपथ घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न त्यांना सुटेना. संघांतील अखेरचें व्रत त्यांनीं घेतलें नाहीं. उमेदवाराच्या वेषांतच दारिद्र्यांत, उपासांत आणि भ्रमंतींत त्यांनीं आयुष्य काढलें. रोमकडेहि ते गेले नाहींत. इ. स. १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा अंत झाला. उंबरठ्यावर उभा असलेला मनुष्य दोन्ही खोल्या पाहूं शकतो, पण त्याला बसावयास जागा मिळत नाहीं. गोरे यांची स्थिति कांहींशी अशी होती.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. गोरे यांची ओढ आचाराकडे, तर रमाबाईंची ओढ सेवेकडे; आणि गोरे यांची शंका मूक, तर रमाबाईंची शंका मोठी बोलकी. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या इ. स. १८५८ मध्यें जन्मली. आईबापांबरोबर तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत, तिनें बालपण घालविलें. दुष्काळानें आईबाप गेले. पुढें कलकत्त्यास तिच्या विद्वत्तेचा गौरव होऊन पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आंत वैधव्यहि आलें. इ. स. १८८२ मध्यें त्या पुण्यास आल्या. येथें त्यांनीं आर्य महिला समाज काढला, आणि येथेंच वाँटेजच्या भगिनींची व गोरे यांची गांठ पडली. गोरे यांच्या लेखणीचा आपल्या मनावर मोठा परिणाम झाला, असें पुढें त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेवलें आहे.

इ. स. १८८३ मध्यें रमाबाई इंग्लंडांत गेल्या व वाँटेजच्या मठांत उतरल्या. तेथून त्यांना लंडनजवळ फुलम येथें भगिनींनीं चालविलेला एक आश्रम दाखविण्यांत आला. समाजानें वाळींत टाकलेल्या, पतित म्हणून गणलेल्या स्त्रिया तेथें राहत होत्या. कुलीन घराण्यांतील या संन्यासिनी त्यांना शिवून, जेवूं घालून, शिकवून पुनः माणसांत आणीत होत्या. अशा स्त्रियांस शास्त्रांत काय जागा आहे, हें रमाबाईंना पुरतें ठाऊक होतें. हें तुम्हीं कां करतां, असें त्यांनीं विचारलें. उत्तरादाखल एका भगिनीनें त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. विहिरीच्या कांठीं बसलेला येशु एका परजातीच्या, लौकिक गमावलेल्या बाईशीं कसा बोलला, ती ही गोष्ट. त्या दिवशीं आपलें मन वळलें, असें रमाबाईंनीं पुढें लिहिलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं आपल्या लहान मुलीसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे ज्या गोष्टीनें त्यांना ख्रिस्ताकडे खेंचलें, ती गोष्ट मठाच्या संस्थेंतून आली होती. व्रत घेतलेल्या, घरदार सोडलेल्या, एका आज्ञेंत राहणाऱ्या स्त्रियांच्या हातून ती घडली होती. केवळ छापील पत्रकें वाचून त्यांचें मन वळलें नसतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पण मठाच्या दारांतून आंत आल्यावर रमाबाईंना दिसलें कीं, सेवा आणि आज्ञा या तेथें एकाच सुतानें विणलेल्या आहेत. त्यांतील सेवा त्यांना हवी होती. आज्ञेविषयीं मात्र त्यांच्या मनांत प्रश्नांवर प्रश्न उठूं लागले.

एक प्रश्न वरवर पाहतां अगदीं लहान होता. अंगावर धारण करावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें असावीं काय? मठांत तशी रूढि होती. रमाबाईंनीं आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना उलट विचारलें कीं, आमच्या प्राचीन संस्कृतापेक्षां लॅटिनमध्यें असें अधिक काय आहे? ब्राह्मण जसे संस्कृतास देववाणी मानतात, तशीच कांहीं भावना तुमची लॅटिनविषयीं आहे काय? आपण स्वतः संस्कृतास पवित्र मानीत नाहीं, पण ती आपल्या मायदेशाची जुनी व सुंदर भाषा आहे. म्हणून क्रूसावर कांहीं लिहावयाचेंच असेल, तर तें संस्कृतांत असावें, असा त्यांचा आग्रह होता.

हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. जिनें गांवोगांव पुराणें सांगितलीं, तिला कोणत्याहि भाषेचें सोंवळें कसें निर्माण होतें, हें आंतून ठाऊक होतें. लोकांना न कळणारी भाषा, ती जाणणारा एक वर्ग, आणि त्या वर्गाच्या हातांत मोक्षाची किल्ली: ही रचना काशींत असो, रोममध्यें असो, कीं इंग्लंडच्या एखाद्या मठांत असो, तिचा शेवट एकच होतो, असें त्यांना वाटे.

दुसरा प्रश्न इ. स. १८८५ मध्यें उद्भवला. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजांत रमाबाई तेव्हां राहत होत्या. त्यांनीं तेथें तरुण पुरुषांसहि मराठी वगैरे देशी भाषा शिकवाव्या, अशी सूचना निघाली. लाहोरच्या व मुंबईच्या बिशपांनीं तीस हरकत घेतली. हिंदुस्थानांत ही वार्ता पसरली तर पंडितांच्या कार्यास बाध येईल, असें त्यांचें मत पडलें. ज्यांनीं कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत भरसभेंत पुरुषांपुढें व्याख्यानें दिलीं होतीं, त्यांस हें ऐकून काय वाटलें असेल, याची कल्पना करावी. रमाबाईंनीं कळविलें तें थोडक्यांत असें: आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहों हें खरें, परंतु पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून पडेल तो प्रत्येक शब्द शिरसा मानण्यास बांधलेल्या नाहीं. आपल्या देशांतील पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें नुकतेंच मानेवरून काढलें आहे. तेव्हां तसलेंच दुसरें जूं आपण होऊन चढवून घेण्याची आपली इच्छा नाहीं.

या वादांत सिस्टर जेराल्डीन यांची बाजू समजून न घेणें अन्यायाचें होईल. त्यांच्या दृष्टीनें आज्ञापालन म्हणजे गुलामगिरी नव्हे. एकट्या माणसाची बुद्धि चुकूं शकते, त्याला अहंकार होतो, तो थकतो. पण शेंकडों वर्षांच्या परंपरेच्या शिस्तींत राहिल्यानें त्याच सामान्य माणसाकडून असामान्य सेवा घडते. फुलमच्या आश्रमांतील भगिनींना जें बळ मिळत होतें, तें या शिस्तीचेंच फळ होतें. रमाबाईंना फळ हवें आणि झाड नको, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती सर्वस्वी निराधार होती असें म्हणतां येत नाहीं. त्यांना रमाबाईंमध्यें गर्व दिसला; रमाबाईंना त्यांच्यामध्यें पौरोहित्य दिसलें. दोघींनींहि एकमेकींस कठोर पत्रें लिहिलीं. पण नातें सर्वस्वी तुटलें नाहीं. लहानगी मनोरमा कित्येक महिने याच भगिनींच्या मायेंत वाढली. आणि हीं सारीं पत्रें, स्वतःवरील टीकेच्या पत्रांसकट, सिस्टर जेराल्डीन यांनींच जपून, जुळवून ठेवलीं. इ. स. १९७७ मध्यें महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें तीं प्रसिद्ध केलीं, म्हणून आज हा वाद दोन्ही बाजूंनीं वाचतां येतो. आपल्याविरुद्धचा पुरावा जी बाई जाळीत नाहीं, तिच्या श्रद्धेलाहि मान द्यावा लागतो.

पुढें रमाबाई अमेरिकेस गेल्या. हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथॉलिक असे नाना पंथ पाहून त्या चकित झाल्या. बाबेलच्या बुरुजाजवळ भाषांचा जसा गोंधळ झाला, तसा ख्रिस्ती देशांत धर्माचा गोंधळ झाला आहे, असें त्यांनीं नंतर म्हटलें. येथें प्रॉटेस्टंट वाटेची उणीवहि त्यांच्या ध्यानांत आली. प्रत्येकानें आपल्या विवेकानें अर्थ लावावयाचा, तर मतें अनेक होणार व घरें फुटणार. एक पोप, एक विधि, एक भाषा या कॅथॉलिक एकजुटीविषयीं अनेक प्रॉटेस्टंटांस गुप्त आदर वाटे, तो याच कारणानें. अर्थात् ती एकजूटहि दुरून दिसे तितकी सलग नव्हती. खुद्द मुंबई व वसईच्या बाजूस पोर्तुगालच्या राजानें नेमलेले धर्माधिकारी व रोमनें परभारें पाठविलेले धर्माधिकारी यांचा अधिकाराबद्दलचा तंटा इ. स. १७९४ पासून चालला होता. कोणतें चर्च कोणाच्या ताब्यांत, यावरून गांवांत तट पडत. इ. स. १९२८ च्या करारानंतर ही दुहेरी सत्ता अखेर संपुष्टांत आली.

रमाबाईंनीं आपला निवाडा ग्रंथांत न लिहितां केडगांवीं बांधून दाखविला. इ. स. १८९६ च्या पुढील दुष्काळांत त्यांनीं गुजराथ, मध्यप्रांत येथून अनाथ मुली व विधवा गोळा केल्या आणि मुक्तिसदन वसविलें. कांहीं काळ तेथें सुमारें दोन हजार स्त्रिया व मुलें होतीं. एकत्र राहणी, ठराविक वेळीं प्रार्थना, शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठीं वाचनाचें शिक्षण, आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं निराळें घर. फुलम येथें जें पाहिलें, तें त्यांनीं विसरलें नव्हतें. मठांतील सेवा, साधेपणा व स्त्रियांचें स्वतंत्र जग त्यांनीं घेतलें. व्रत, पडदा आणि बिशपची सत्ता त्यांनीं वाटेंत टाकली. आणि भाषेच्या प्रश्नाचें उत्तरहि तेथेंच दिलें. उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर करूं लागल्या. ज्या बाईनें क्रूसावर संस्कृत अक्षरें मागितलीं होतीं, तिनें आतां संस्कृतप्रचुर शब्दहि बाजूला सारले. अडाणी बाईस कळेल असें सोपें मराठी तिला पाहिजे होतें. इ. स. १९२२ मध्यें, तें काम हातावेगळें होण्याच्या सुमारास, त्यांचा देह पडला.

येथवर प्रॉटेस्टंटांची शंका सांगितली. परंतु मराठी भाषेच्याच बाबतींत त्यांच्या आदराचीहि एक हकीकत आहे. कॅथॉलिक चर्चनें लॅटिनला कवटाळून देशी भाषेची हेळसांड केली, हा आरोप करण्यापूर्वीं एका ग्रंथाचें नांव घ्यावें लागतें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. एलिझाबेथ राणीच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडांत कॅथॉलिकांस थारा नव्हता; आणि स्वदेशीं ज्याला जागा नव्हती, त्या या मनुष्यानें मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. तें इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. बायबलाचें मराठी गद्य भाषांतर होण्याच्या जवळजवळ दोनशें वर्षें आधीं ही कथा कोंकणांतील देवळांत ओवीच्या चालीवर गाइली जात होती. मात्र इ. स. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनेंच देशी भाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला. एका हातानें जें दिलें, तें दुसऱ्या हातानें हिरावून घेण्याचा हा प्रकार होता.

जुन्या छापील आवृत्तींची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें जोसेफ साल्ढाना यांनीं हस्तलिखितांवरून हें पुराण रोमन लिपींत छापलें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांत त्याची देवनागरी प्रत आढळली. ती उजेडांत आणणारे गृहस्थ जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने मिशनरी, म्हणजे हाडाचे प्रॉटेस्टंट. हीच मूळ प्रत होय, असें त्यांचें मत होतें. पुढील अभ्यासकांत त्याविषयीं मतभेद आहेत. पण लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. महिपतीचीं संतचरित्रें इंग्रजींत नेणाऱ्या या विद्वानानें एका जेझुइटाची ओवी त्याच प्रेमानें हातांत घेतली. तीन शतकांपूर्वीं हे दोघे युरोपांत भेटते, तर एकमेकांस पाखंडी म्हणते. मराठी कवितेच्या ओसरीवर ते एका घोंगडीवर बसले.

आतां पुनः बोळिंजच्या वाटेवर यावें. इ. स. १९६० पर्यंत येथील शेतकरी घरांत कादोडी बोले, बाजारांत मराठी बोले, आणि देवळांत मिस्सेच्या वेळीं लॅटिन ऐके. गुडघे टेकून त्यानें तें शतकानुशतकें ऐकलें. शब्द कळले नाहींत, तरी प्रसंग कळत होता. इ. स. १९६२ ते १९६५ या काळांत रोममध्यें दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. इ. स. १९६३ च्या डिसेंबरांत तिनें उपासनेंत लोकभाषेस वाव दिला, आणि पुढील वर्षीं इतर ख्रिस्ती मंडळ्यांशीं सलोखा करण्याचा ठराव केला. त्यानंतर वसईच्या चर्चांतून मिस्सा मराठींत होऊं लागली. रमाबाईंनीं एका भगिनीस विचारलेला प्रश्न सुमारें ऐंशीं वर्षांनीं खुद्द रोमनें विचारांत घेतला, आणि त्याचें उत्तर रमाबाईंच्या बाजूनें दिलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

याचें फळहि लवकरच दिसलें. बोळिंजच्या शेजारच्या नंदाखाल गांवीं जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं सुवार्ता मासिकाचें संपादन दीर्घ काळ केलें, आणि इ. स. २०१० मध्यें सुबोध बायबल मराठी वाचकांच्या हातीं दिलें. एक कॅथॉलिक धर्मगुरु लोकांनीं बायबल आपल्या भाषेंत वाचावें म्हणून वर्षानुवर्षें खपतो, ही गोष्ट ल्यूथरच्या अनुयायास पूर्वीं स्वप्नांतहि खरी वाटली नसती. इ. स. २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. इ. स. २०२४ मध्यें त्यांचें निधन झालें.

असें असलें तरी सर्वच प्रश्न मिटले, असें समजूं नये. भाषेचा प्रश्न सुटला. अधिकाराचा प्रश्न राहिला. परंपरेनें दिलेली आज्ञा मोठी कीं आपल्या अंतःकरणांतील साक्ष मोठी, या प्रश्नाला वाँटेजच्या मठांत दोन थोर स्त्रियांनीं दोन उत्तरें दिलीं आणि तीं दोन्ही प्रामाणिक होतीं. विवेकाचा अधिकार मानणाऱ्याच्या घरांत पंथांचा गोंधळ माजतो. परंपरेचा अधिकार मानणाऱ्याच्या घरांत प्रश्न विचारणाऱ्याचा श्वास कोंडतो. गोरे या दोहोंच्या मध्यें उभे राहिले व झिजले. रमाबाई एका घरांतून दिवा घेऊन दुसऱ्या माळावर गेल्या व तेथें त्यांनीं आपलें घर बांधलें. ज्या घरांतून दिवा आणला, त्याचें ऋण त्यांनीं नाकारलें नाहीं. आणि त्या घराच्या भिंतींविषयींची आपली शंकाहि लपविली नाहीं.

बोळिंजच्या वळणावरील क्रूसापुढें आज संध्याकाळीं जी मेणबत्ती लागते, तिच्यापुढची प्रार्थना मराठींत म्हटली जाते. ती म्हणणाऱ्या माउलीला लॅटिन येत नाहीं, आणि आतां त्याची तिला गरजहि उरलेली नाहीं.